आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन चॅटनूगाला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अटलांटा किंवा नॅशव्हिलला नव्यानं राहायला आलात की पहिल्या लाँग वीकेंडच्या आधी कुणी ना कुणी सांगतंच, "चॅटनूगाला जाऊन या." सल्ला चांगला आहे. टेनेसी राज्याच्या दक्षिण टोकाला, जॉर्जियाच्या सीमेला चिकटून, टेनेसी नदीच्या वळणावर वसलेलं हे शहर. वस्ती २०२० च्या जनगणनेनुसार १ लाख ८१ हजार. म्हणजे दोन दिवसांत आवाक्यात येईल एवढंच. शिवाय भारतातून आई-बाबा आलेले असतात, त्यांना विमानात बसवून न्यूयॉर्क दाखवण्याआधी गाडीनं जाता येईल असं काहीतरी हवं असतं.

पण तिथं जाऊन काय करायचं आणि काय सोडायचं, हे सहसा कोणी सांगत नाही. मग ते काम हायवेवरच्या पाट्या करतात. आय-७५ वर चॅटनूगा जवळ येऊ लागलं की लुकआउट माउंटन या डोंगरावरच्या रुबी फॉल्स (गुहेतला धबधबा) आणि रॉक सिटीच्या (खडकांमधली बाग) जाहिराती लागतात, आणि पाट्यांचं ऐकणारा माणूस दोन्ही दिवस डोंगरावर तिकिटांच्या रांगेत घालवून परत येतो. माझं मत सरळ आहे. डोंगर विकला जातो, नदीची जाहिरात फारशी कोणी करत नाही. तुम्ही मात्र बेत आखताना नदीपासून सुरुवात करा. पहिला पूर्ण दिवस नदीकाठी, दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरचं एकच मोठं आकर्षण, आणि उरलेला वेळ मुलांच्या वयानुसार.

आधी तारीख

एप्रिल, मे आणि ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा हे सगळ्यात चांगले दिवस. वसंतात डॉगवूड फुलतात, ऑक्टोबरच्या शेवटी डोंगरउतार लाल-पिवळे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं तापमान ३२-३३ अंश सेल्सिअसला जातं आणि हवा दमट असते. नागपूरकर आकडा ऐकून हसतील, पण मुंबईकरांना हा घाम ओळखीचा वाटेल. दुपारनंतर गडगडाटी सरही येते. उन्हाळी सुट्टीशिवाय जमतच नसेल तर बाहेरचं सगळं सकाळी अकराच्या आत उरका आणि दुपार अ‍ॅक्वेरियम किंवा गुहेसाठी ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत रॉक सिटीत रात्रीची दिव्यांची आरास असते. थंडी चालत असेल तर तो मोसमही बरा.

दोन आठवडे टाळा. सप्टेंबरच्या शेवटी आयर्नमॅन स्पर्धा असते. त्या दिवशी पोहणं नदीत, सायकल आणि धावणं रस्त्यांवर, त्यामुळे गावातले बरेच रस्ते बंद असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी नदीवर वल्ह्यांच्या नौकांच्या मोठ्या शर्यती होतात. बघायला सुंदर, पण हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात आणि दर वाढतात. शर्यतीच बघायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

गाडी, घड्याळ आणि घाट

अटलांटाहून सुमारे १२० मैल, म्हणजे दोन तास. नॅशव्हिलहून १३५ मैल, बर्मिंगहॅमहून दीडशेच्या आसपास, हंट्सव्हिलहून शंभर. चॅटनूगाला छोटा विमानतळ आहे. पण लांबून येणारी बहुतेक कुटुंबं अटलांटाला उतरून गाडी भाड्यानं घेतात, चार-पाच माणसांना तेच स्वस्त पडतं. गाडी हवीच. नदीकाठचा भाग चालत होतो, डोंगर होत नाही.

नॅशव्हिल, बर्मिंगहॅम, हंट्सव्हिलवाल्यांनो, घड्याळाकडे लक्ष द्या. तुम्ही सेंट्रल टाइममध्ये राहता, चॅटनूगा ईस्टर्नमध्ये आहे. सकाळी नऊला निघून सव्वादोन तासांनी पोचलात तर तिथं सव्वाबारा वाजलेले असतात. रुबी फॉल्सचं वेळेचं तिकीट काढताना हा तास विसरला की गुहेची फेरी हुकते.

नॅशव्हिलहून येताना आय-२४ वर मॉन्टीगलचा घाट लागतो. चढ-उतार तीव्र, ट्रक भरपूर, धुकं कधीही. खंडाळ्याच्या घाटात गाडी चालवलेल्याला नवल वाटणार नाही, पण उतारावर ट्रकच्या पुढे घुसायची घाई करू नका. त्याच रस्त्यावर चॅटनूगाच्या अलीकडे थोडे मैल जॉर्जियात शिरून पुन्हा टेनेसीत येतो. मागच्या सीटवरची भांडणं थांबवायला हे कोडं उपयोगी पडतं.

गाडी चालवताना फोन हातात धरायला दोन्ही राज्यांत बंदी आहे. जॉर्जियात आठ आणि टेनेसीत नऊ वर्षांखालच्या मुलांना त्यांच्या वया-वजना-उंचीप्रमाणे कार सीट किंवा बूस्टर लागतो. "नातवाला मांडीवर घेते, तासाभराचा तर रस्ता," असं आजी म्हणाली तरी नाही म्हणायचं.

राहायचं कुठे

दोन पर्याय आहेत आणि निवड पैशांपेक्षा माणसांवर ठरवा.

अ‍ॅक्वेरियमपासून चालत जाता येईल असं डाउनटाउनमधलं हॉटेल महाग असतं, वर रात्रीचं पार्किंग वेगळं. पण बरोबर दोन-तीन वर्षांचं मूल किंवा दुपारी पडावंसं वाटणारे आजोबा असतील तर हा जास्तीचा खर्च मी करेन. दुपारी दीडला खोलीवर परत येऊन तासभर आडवं होता येणं, म्हणजे संध्याकाळ वाचणं.

दुसरा पर्याय शहराच्या पूर्वेला, आय-७५ जवळ, शॅलोफर्ड रोड आणि हॅमिल्टन प्लेस मॉलच्या भागात. डाउनटाउनपासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटं. इथं साखळी हॉटेलांची रांग आहे, पार्किंग आणि सकाळचा नाश्ता बहुधा दरातच असतो, आणि भारतीय जेवण, किराणा याच बाजूला जवळ पडतो. सहा माणसं असतील तर दोन क्वीन पलंगांच्या खोलीत दाटीवाटी करण्यापेक्षा किचनेट असलेला स्वीट किंवा एकमेकींत दार असलेल्या दोन खोल्या मागा. फोन करून मागितल्या तर मिळतात, ऑनलाइन फॉर्मवर ती सोय सापडतेच असं नाही.

डोंगरावरचं भाड्याचं घर फोटोत फार छान दिसतं. पत्त्यात "लुकआउट माउंटन" असलं तरी तो डोंगर पुढे जॉर्जियात मैलोन् मैल पसरलेला आहे. नकाशावर अ‍ॅक्वेरियमपर्यंतचं अंतर मिनिटांत मोजा, मगच पैसे भरा. हॉटेलचे दर पाहताना कर धरा. इथला विक्रीकरच सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास आहे आणि खोलीवर वेगळे कर लागतात.

पहिला दिवस नदीचा

सकाळी अ‍ॅक्वेरियम उघडायच्या वेळी दारात उभं राहा. तिकीट घरूनच काढलेलं असू द्या.

टेनेसी अ‍ॅक्वेरियम १९९२ साली उघडलं. त्याआधीचं चॅटनूगा वेगळं होतं. १९६९ मध्ये अमेरिकेतली सगळ्यात घाणेरडी हवा या शहराची असल्याचं राष्ट्रीय बातम्यांत सांगितलं गेलं होतं. कारखाने, ओतशाळा, आणि चारी बाजूंनी डोंगर असल्यामुळे खोऱ्यात अडकलेला धूर. शहरानं हवा साफ केली आणि मग ज्या नदीकडे पाठ फिरवली होती, तिच्याकडे तोंड केलं. अ‍ॅक्वेरियम हा त्या बदलाचा मोठा टप्पा.

दोन इमारती आहेत आणि एकाच तिकिटात दोन्ही होतात. जुनी इमारत नदीची, २००५ मध्ये झालेली दुसरी समुद्राची. मुलं पेंग्विन आणि शार्कसाठी समुद्राकडे ओढतील. तुम्ही त्यांना आधी नदीच्या इमारतीत न्या. तिथं सरकत्या जिन्यानं थेट वर जायचं असतं. वरच्या काचेच्या छताखाली अ‍ॅपलाचियन डोंगरातलं जंगल आहे, पाणमांजरं आहेत. तिथून पाण्याच्या थेंबानं जसा प्रवास करावा तसं खाली उतरत यायचं: डोंगरातला झरा, टेनेसी नदी, मिसिसिपी, शेवटी समुद्राला मिळणारा दलदलीचा मुलूख. मधे जगातल्या इतर नद्यांचे मासेही भेटतात. उतार सगळा रॅम्पचा, त्यामुळे स्ट्रोलर आणि व्हीलचेअर सहज जाते. गुडघे दुखणाऱ्या आईला या सहलीत सगळ्यात जास्त मजा इथंच येईल.

दोन्ही इमारतींना मिळून तीन-चार तास लागतात. सलग करू नका. मधे जेवून घ्या. समुद्राच्या इमारतीत फुलपाखरांची बाग आहे आणि खाली स्टिंगरे माशांना हात लावता येतो. हे जेवणानंतर, मुलं कंटाळायला लागतात तेव्हासाठी राखून ठेवा.

अ‍ॅक्वेरियमच्या बाजूनं नदीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं. उन्हाळ्यात मुलं तिथं खेळत असतात, तुमचीही भिजतील, तेव्हा कपड्यांचा एक जोड पिशवीत हवाच. पण ती जागा नुसतं कारंजं नाही. तिचं नाव "द पॅसेज". इथले मूळ रहिवासी असलेल्या चेरोकी लोकांचा प्रमुख जॉन रॉस याचा धक्का इथं होता. १८३८ मध्ये अमेरिकी सरकारनं चेरोकींना त्यांच्या भूमीतून हुसकावून पश्चिमेला पाठवलं तेव्हा त्यांच्यातल्या काही तुकड्या याच धक्क्यावरून निघाल्या. वाटेत हजारो माणसं मेली. भिंतीवरची सात मोठी चक्रं चेरोकी कलाकारांनी केलेली आहेत. मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर ओले पाय पुसताना एवढं सांगाच.

ऊन उतरलं की पुलाकडे निघा. वॉलनट स्ट्रीट ब्रिज १८९१ चा आहे, लांबी २,३७६ फूट. १९७८ मध्ये वाहनांसाठी बंद झाला, पाडायचं घाटत होतं. गावकऱ्यांनी पैसे जमवून वाचवला आणि १९९३ मध्ये तो फक्त चालणाऱ्यांसाठी उघडला. लाकडी फळ्यांवरून रमतगमत पलीकडे जायला वीस मिनिटं. पुलाच्या दुरुस्तीचं काम निघतं तेव्हा तो बऱ्याच काळासाठी बंद असू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी शहराच्या संकेतस्थळावर बघून घ्या. बंद असला तर शेजारच्या मार्केट स्ट्रीट पुलाला पदपथ आहे. तो १९१७ चा, जहाजासाठी मधून उघडणारा. नदीचं दृश्य तेच.

पुलाच्या दक्षिण टोकाला एड जॉन्सनचं स्मारक आहे, २०२१ मध्ये उभारलेलं. या कृष्णवर्णीय तरुणाला बलात्काराच्या खोट्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली, तर १९०६ मध्ये जमावानं त्याला तुरुंगातून काढून याच पुलावर टांगलं. न्यायालयानं शेरीफवर अवमानाचा खटला चालवला. सर्वोच्च न्यायालयानं स्वतः चालवलेला हा त्याच्या इतिहासातला एकमेव फौजदारी खटला. जॉन्सनची शिक्षा अधिकृतपणे रद्द व्हायला मात्र २००० साल उजाडलं. सहलीत हे कशाला, असं वाटणाऱ्यांनी पुढे चालावं. मला वाटतं, अमेरिकेच्या दक्षिणेत राहायला आलोय तर हे शहर कुठल्या जमिनीवर उभं आहे ते घरातल्या मोठ्या मुलांना ठाऊक असावं.

पलीकडच्या काठावर कूलिज पार्क. हिरवळ, पाणी उडवणारे प्राणी असलेलं कारंजं, आणि १८९४ चं, हातानं कोरलेल्या लाकडी प्राण्यांचं मेरी-गो-राउंड. त्याचं तिकीट अगदी किरकोळ असतं. इथं चटई टाका. घरून आणलेल्या दशम्या, चटणी, फळं काढा. आजी-आजोबा बाकावर, मुलं कारंज्यात, आणि तुम्हाला पहिल्यांदाच हातपाय ताणायला मिळतात. मागे फ्रेझियर अव्हेन्यूवर आइस्क्रीम, कॉफी, छोटी दुकानं आहेत. फुटपाथवर पितळेच्या पावलांचे ठसे बसवलेत, त्यावर पाय ठेवत गेलं की नाचाच्या स्टेप होतात. आजोबांना सांगून बघा.

ज्यांना चालायचं नाही त्यांच्यासाठी डाउनटाउनमधून इलेक्ट्रिक शटल बस धावते, १९९२ पासून, फुकट. मार्ग आणि वेळा बदलत राहतात, थांब्यावरचा फलक वाचा.

दुसरा दिवस डोंगराचा, पण एकच मोठं तिकीट

लुकआउट माउंटनवर तीन प्रसिद्ध गोष्टी आहेत: रुबी फॉल्स, रॉक सिटी आणि इन्क्लाइन रेल्वे. तिन्ही एका दिवसात करता येतात. करू नका. पाच-सहा माणसांची तीन-तीन तिकिटं म्हणजे सहलीच्या खर्चाचा मोठा लचका, आणि तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत कुणीतरी रडत असतं. माणसं पाहून निवडा.

रुबी फॉल्स म्हणजे डोंगराच्या पोटातल्या गुहेतला १४५ फुटी धबधबा. जुन्या गुहेचं नैसर्गिक तोंड रेल्वेच्या बोगद्याच्या कामात बंद झालं होतं. लिओ लँबर्ट नावाच्या माणसानं तिथं जायला वरून लिफ्टचा बोगदा खणायला घेतला. १९२८ मध्ये खणताना मधेच खडकातून हवेचा झोत आला आणि भलतीच नवी गुहा सापडली. धबधब्याला त्यानं बायकोचं नाव दिलं. लिफ्टनं २६० फूट खाली जायचं, मग अरुंद, ओबडधोबड वाटेनं जाऊन-येऊन सुमारे मैलभर चालायचं. तास-सव्वा तास लागतो. आत वर्षभर १५-१६ अंश तापमान, म्हणून उन्हाळ्यातही पातळ स्वेटर न्या. आत स्वच्छतागृह नाही, हे मुलांना लिफ्टच्या आधी सांगा. स्ट्रोलर आणि व्हीलचेअर चालत नाहीत. तान्हं बाळ पोटाशी बांधायच्या कॅरियरमध्ये जाऊ शकतं. बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी वर थांबलेलं बरं. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, सुट्टीच्या दिवसांत आधी संपतं. या सहलीत सगळ्यात आधी बुक करायची गोष्ट ही.

रॉक सिटी जॉर्जियाच्या हद्दीत आहे, मोठमोठ्या खडकांमधून फिरवलेली बाग. गार्नेट आणि फ्रीडा कार्टर या जोडप्यानं १९३२ मध्ये, ऐन मंदीत, ती लोकांसाठी उघडली. तिकडे कोण येणार, म्हणून क्लार्क बायर्स या रंगाऱ्याकरवी त्यांनी राज्याराज्यांतल्या शेतकऱ्यांची धान्याची कोठारं फुकट रंगवून द्यायला सुरुवात केली. अट एकच, छपरावर "सी रॉक सिटी" लिहायचं. अशी सुमारे नऊशे कोठारं रंगली. काही अजून दिसतात, वाटेत मुलांना शोधायला लावा. आत खडकांच्या फटीतून अंग चोरून जायचं, झुलत्या पुलावरून जायचं, कड्यावरून "सात राज्यं" बघायची. सात खरोखर दिसतात का यावर वाद आहे, दरी मात्र उत्तम दिसते. चार ते बारा वर्षांच्या मुलांना हे गुहेपेक्षा जास्त आवडतं. पण पायऱ्या आणि दगडी चढउतार बरेच आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना पूर्ण फेरी जमत नाही. काही भागापर्यंत सोपी वाट आहे, दारात विचारून घ्या.

आजी-आजोबांसह जाणाऱ्यांना माझी शिफारस इन्क्लाइन रेल्वेची. १८९५ पासून चालू असलेला हा दोरावरचा डबा सेंट एल्मो वस्तीतून डोंगरावर चढतो, वरच्या टप्प्यात ७२.७ टक्के चढानं. दहा-पंधरा मिनिटांत वर. बसूनच जायचं असल्यामुळे कोणाचे पाय दुखत नाहीत आणि मुलांना काचेच्या छतातून आकाश दिसतं. दुरुस्तीसाठी ती अधूनमधून बंद असते, आदल्या रात्री तपासा. वरच्या स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर पॉइंट पार्क आहे. हे राष्ट्रीय उद्यान खात्याचं. सोळा वर्षांवरच्यांना माणशी माफक शुल्क, लहानांना नाही. टोकाशी उभं राहिलं की टेनेसी नदी खाली पाऊल उमटावं तशी वळलेली दिसते, आणि हे शहर इथंच का वसलं ते नकाशा न उघडता कळतं. नदी, डोंगरातली खिंड, आणि त्यातून जाणारे लोहमार्ग. १८६३ च्या नोव्हेंबरात यादवी युद्धातल्या दोन्ही बाजू या जागेसाठी लढल्या त्या याच कारणानं. या डोंगरावरच्या लढाईला ढगांवरची लढाई म्हणतात, त्या दिवशी धुकं दाटलं होतं म्हणून. चॅटनूगा हातात आल्यावर उत्तरेच्या सैन्याला अटलांटाची वाट मोकळी झाली.

डोंगराला रविवारी सकाळी जा. दक्षिणेत ती चर्चची वेळ असते, गर्दी दुपारपासून वाढते. वरचे रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा आणि आवळासुपारी हाताशी ठेवा.

जेवणाचं

शाकाहारी घरांनी एक गोष्ट पाठ करा: दक्षिणेत भाजी शाकाहारी असतेच असं नाही. मेन्यूवर साध्या दिसणाऱ्या फरसबी, कोलार्डची पालेभाजी, राजम्यासारख्या शेंगा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवायची पद्धत आहे. बिस्किटात, म्हणजे इथल्या मऊ पावासारख्या प्रकारात, कधी चरबी असते. "मीट आहे का" एवढं विचारून भागत नाही, कारण वाढणाऱ्याच्या लेखी तो तुकडा म्हणजे चव असते. "बेकन, हॅम किंवा लार्ड घातलंय का" असं स्पष्ट विचारा. ग्रिट्स बिनधास्त मागवा, मक्याच्या भरड्याची ही पातळसर लापशी लोणी-चीज घालून बाबांनाही आवडेल, फक्त वर कोलंबी नको म्हणून सांगा. पिमेंटो चीजचं सँडविच आणि तळलेले हिरवे टोमॅटोही चाखा. चहा मागितलात तर बर्फ घातलेला गोड चहा येतो. वाफाळता हवा असेल तर "हॉट टी", आणि तोही आईला पसंत पडणार नाही. चहापत्ती, आलं आणि छोटी इलेक्ट्रिक किटली बरोबर असू द्या.

मूनपाय हा इथला खाऊ, चॅटनूगा बेकरीनं १९१७ मध्ये काढलेला. मधला मार्शमेलो जिलेटिनचा, म्हणजे प्राण्यांपासून केलेल्या पदार्थाचा असतो, हे शाकाहार पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कोका-कोला बाटलीत भरून देशाच्या बहुतेक भागात विकायचा हक्कही १८९९ मध्ये इथल्याच दोन वकिलांनी एका डॉलरला मिळवला होता.

एका जेवणाचा डबा, एक बाहेरचं, आणि रात्री खोलीवर राईस कुकरमधला मेतकूट-भात, असं ठेवलं तर पोटंही ठीक राहतात आणि खर्चही.

अर्धा दिवस जास्तीचा असेल तर

आगगाडीवेडं मूल असेल तर टेनेसी व्हॅली रेलरोड म्यूझियम. जुन्या गाडीतून सुमारे तासाभराची फेरी होते, मिशनरी रिज डोंगरातल्या १८५८ च्या बोगद्यातून. दुसऱ्या टोकाला इंजिन फिरवायचं चक्र बघायला मिळतं. पाच वर्षांखालच्यांसाठी डाउनटाउनमधलं क्रिएटिव्ह डिस्कव्हरी म्यूझियम, पावसाळी दुपारचा हुकमी उपाय. उन्हाळ्यात जॉर्जियाच्या बाजूला लेक विनी नावाची जत्रा-बाग आहे, १९२५ पासूनची. मोठ्या शहरांतल्या थीम पार्कांपुढे साधी, आणि म्हणूनच लहान मुलांना झेपणारी.

आमच्यासारख्या घरांना मी आणखी एक जागा सुचवेन, जी पर्यटनाच्या यादीत वरती नसते: गावाच्या पूर्वेला चिकमॉगा धरण. १९४० मध्ये टेनेसी व्हॅली अथॉरिटीनं, म्हणजे टीव्हीएनं, बांधलेलं. १८६७ सारखे महापूर या शहरानं सोसले होते. पुराला आवर घालणं, वीज, नौकानयन ही सगळी कामं एकाच महामंडळाकडे देऊन अख्ख्या खोऱ्याचा विचार करायचा, हा टीव्हीएचा १९३३ पासूनचा प्रयोग. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रमखातं सांभाळताना पाटबंधारे आणि वीज हे विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. दामोदर खोऱ्यासाठी त्यांनी हाच नमुना समोर ठेवला, आणि १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन झालं. बाबा पाटबंधारे खात्यातून किंवा एमएसईबीतून निवृत्त झालेले असतील तर रॉक सिटीचं तिकीट वाचवा आणि त्यांना इथं आणा. नदीकाठचा रिव्हरवॉक डाउनटाउनपासून या धरणापर्यंत येतो. वाटेत खेळाची मैदानं आणि मासे धरायचे कठडे आहेत, पार्किंगला पैसे नाहीत.

पिशवीत आणि फोनमध्ये

भारतातून आलेल्यांच्या पासपोर्टची आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) प्रत, प्रवास विम्याचं कार्ड, औषधांच्या नावांची यादी. डोंगरावर फोनची रेंज दगा देते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि तिकिटांचे फोटो काढून ठेवा. घट्ट बसणारे बूट सगळ्यांना, साडीखाली चपला घालून रॉक सिटीत जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात झाडीत गोचीड असतात, रात्री मुलांचे पाय आणि मान तपासा. तीन पानांचं झुडूप दिसलं तर हात लावायचा नाही, पॉयझन आयव्ही असू शकतं.

परतताना

अटलांटाला जाणाऱ्यांनी रविवारी दुपारी तीन ते सहा आय-७५ वर अडकू नये. एक तर जेवून लगेच निघा, नाहीतर गावातच लवकर रात्रीचं जेवण उरकून सातनंतर. नॅशव्हिलकडे जाणाऱ्यांना येताना गेलेला तास परत मिळतो, त्यामुळे जेवून निघालात तरी मुलं शाळेच्या वेळेआधी पुरेशी झोपतात. फक्त मॉन्टीगलच्या घाटावर धुक्याचा इशारा आहे का ते गाडीत बसण्यापूर्वी बघा. असेल तर उजेड असतानाच निघा.